समोरच्या काकू दिसेनाशा झाल्यात (पाचपाखाडी, ठाणे) – सल्ला हवा

रानजाई:
मंडळी, जरा लांबलचक लिहिते आहे, पण अर्धवट वाचून सल्ला देऊ नका ही विनंती. बिल्डिंगमध्ये याविषयी कुणाशी बोलायची सोय नाही. नावगाव काही देणार नाही.

आमची जुनी चार मजली बिल्डिंग. लिफ्ट नाही, मजल्यावर तीन घरं. समोरच्या दारात ऐंशीला टेकलेल्या काकू राहतात. शाळेत मराठी शिकवायच्या. काका जाऊन खूप वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझ्या लेकीचं अक्षर सुधारावं म्हणून सुट्टीत तिच्याकडून पाटीवर गिरवून घ्यायच्या, इतकं येणंजाणं.

पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचा भाचा राहायला आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, घरून काम करतो. आल्या आल्या सगळ्यांची मनं जिंकली. पाण्याचा पंप बंद पडला की हाच प्लंबरच्या मागे लागणार, जिन्यात कुणाच्या हातात जड पिशवी दिसली की हाच उचलणार. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब त्यानंच केला, पैन् पै चोख. ग्रुपवर सगळे म्हणतात, असा भाचा नशिबानं मिळतो.

आता मला काय खटकतंय ते सांगते. काकूंकडे सकाळी उजाडताच रेडिओवर अस्मिता वाहिनी लागायची, आमच्या ओट्यापाशी ऐकू यायची. ती बंद झाली. भाचा म्हणाला, त्यांना आवाजाचा त्रास होतो. मग वर्षानुवर्षं येणाऱ्या कामवाल्या मावशींना काढलं. म्हणाला, घरातले पैसे गहाळ होत होते. मग काकूंचा फोन बंद. म्हणाला, फसवणुकीचे कॉल यायचे, सिम काढून ठेवलंय. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी मी त्यांना रिक्षानं बँकेत नेते. यंदा विचारलं तर म्हणाला, मोबाइलवर चेहरा दाखवून घरच्या घरी झालं. तसं होतं, हे मलाही माहीत आहे. भेटायला गेलं की दार अर्धं उघडून हसून सांगतो, "आत्ताच डोळा लागलाय. हल्ली माणसं ओळखत नाहीत हो, घाबरतात."

प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं आहे. म्हणूनच मला झोप येत नाही.

परवा कुरिअर घ्यायला त्यानं दार सताड उघडलं, मी जिन्यातच होते. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरच्या बाजूनं नवी पितळी कडी बसवलेली दिसली. भोकाभोवती लाकडाचा ताजा पांढरा भुसा चिकटलेला होता. आणि आतून कुणीतरी बोटांच्या पेरांनी दार वाजवत होतं. जोरात नाही. दोन टकटक, थांबणं, परत दोन. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला, मागे न वळता रिमोटनं टीव्हीचा आवाज वाढवला आणि दार लावून घेतलं.

नवरा म्हणतो, त्यांच्या घरचा मामला आहे, आपण मध्ये पडू नये. काय करू?

कोपरीकर:
रानजाई, तुमची कळकळ समजते, पण एक बाजू मांडतो. विस्मरण झालेली म्हातारी माणसं गॅस चालू ठेवतात, रात्री दार उघडून चालू लागतात. कडी लावणं हा उपाय बरेच जण करतात. एका कडीवरून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. एक विचारतो: तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे का? पाचपाखाडी-नौपाड्यात चार मजली जुनी बिल्डिंग म्हटलं की पहिला प्रश्न हाच.

नचिकेत:
मला कोपरीकरांचं पटत नाही. घराबाहेरच्यांना शेवटपर्यंत काही दिसत नाही, हेच तर भयंकर आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत इथेच, घोडबंदर रोडला कासारवडवलीत, एका माणसानं घरच्या चौदा जणांचा जीव घेतला आणि स्वतःही गेला. घरात जेवणासाठी सगळे नातेवाईक जमले होते. एक बहीण वाचली, ती तिच्या किंकाळ्या ऐकून शेजारी धावले म्हणून. पण इथे काकू किंकाळी मारत नाहीयेत. पेरांनी दार वाजवतायत. ते तुम्हाला ऐकू आलंय, रानजाई.

ऐरोलीची_उमा:
मी दाराच्या आतली बाजू सांगते. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. संध्याकाळ झाली की तिचा जीव कासावीस व्हायचा, "मला घरी सोडा" म्हणून हट्ट धरायची. एका रात्री गाऊनवर खाली उतरून रस्त्याला लागली. त्यानंतर आम्हीही दाराला वर हात पोचणार नाही अशी कडी बसवली. खालच्या मजल्यावरच्यांनी मी आईला कोंडते असं सगळीकडे सांगितलं. ते दुखणं अजून गेलेलं नाही. म्हणून कोपरीकर म्हणतात ते खोटं नाही.

पण रानजाई, तुमचं वाचून एक गोष्ट ठळक दिसली. ज्याच्या घरी असं माणूस असतं तो मदतीसाठी आसुसलेला असतो. मी शेजारच्या प्रत्येक घरात नंबर देऊन ठेवला होता. आई खाली दिसली तर पहिला फोन मला करा, म्हणून वॉचमनच्या हातापाया पडले होते. कुणी अर्धा तास आईजवळ बसायला आलं तर मला आंघोळ करता यायची. जुनी बाई सोडून गेली तेव्हा मी रडले होते. हा भाचा मात्र आलेली बाई काढतो, रेडिओ बंद करतो, फोन काढून घेतो, भेटायला आलेल्याला परत पाठवतो. थकलेलं माणूस दार लावून घेत नाही हो. आणि आम्ही कडी लावली ती घराच्या मुख्य दाराला. आई घरभर फिरायची.

डॉ_नेरुळ:
उमाताईंचं निरीक्षण अचूक आहे. वैद्यकीय बाजू सांगतो.

स्मृतिभ्रंश महिन्यांत, बहुतेकदा वर्षांत वाढत जातो. रानजाई, काकू उन्हाळ्यात कशा होत्या ते आठवा. एप्रिल-मे मध्ये नीट हिशोब करणारी, रिक्षा ठरवणारी बाई दिवाळीपर्यंत माणसं ओळखेनाशी झाली असेल, तर डॉक्टर म्हणून माझ्या मनात पहिला शब्द स्मृतिभ्रंश येणार नाही. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, शरीरातलं पाणी कमी होणं यांनी काही दिवसांत बुद्धी भ्रमते. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांची जागेवरही येते. आणि झोपेच्या, चिंतेवरच्या गोळ्या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी म्हातारी माणसं दिवसभर गुंगीत राहतात, बोलणं जड होतं, तोल जाऊन पडतात, काल काय झालं ते आठवत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते हुबेहूब विस्मरणासारखं दिसतं.

त्यामुळे दोन प्रश्न. त्यांना कोणत्या डॉक्टरांनी तपासलं? कोणती गोळी, किती? खरा काळजी घेणारा माणूस ही यादी तोंडपाठ म्हणून दाखवतो.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

कोपरीकर, हो. रिडेव्हलपमेंट चालू आहे. बिल्डर ठरला, आता प्रत्येक सभासदाचा करार होणार आहे.

डॉक्टर, मे महिन्यात काकूंनी मला सोसायटीच्या ताळेबंदातली बेरजेची चूक काढून दाखवली होती. भाच्याला काल सहज विचारलं, कोणत्या डॉक्टरांचं चालू आहे? म्हणाला, "आहेत एक ओळखीचे."

आज दोन गोष्टी कळल्या. आमच्याकडे कचरा न्यायला एक ताई येतात. सगळ्यांच्या घरातलं खरं त्यांना ठाऊक असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. मी विचारलं. म्हणाल्या, "ताई, त्या घरातनं गोळ्यांची रिकामी पाकिटं लई येतात. आणि आजीसाठी डबा येतो ना, तो तसाच्या तसा कचऱ्यात. भात, आमटी, समदं." पुढच्या वेळी त्यांनी एक रिकामी पट्टी बाजूला काढून मला दाखवली. डॉक्टर, तुम्ही लिहिलेल्या दोन नावांपैकी पहिलं नाव होतं.

दुसरं, सेक्रेटरींकडे काकूंच्या नावानं नवा नॉमिनेशन फॉर्म आला आहे. नॉमिनी भाचा. सहीच्या जागी अंगठा. जी बाई जन्मभर मुलांना अक्षर शिकवत होती ती अंगठा लावते? सेक्रेटरी म्हणतात, हात थरथरत असेल.

शिरीष_वर्तकनगर:
मी आमच्या सोसायटीत बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. नॉमिनेशन फॉर्म आला म्हणजे काम झालं असं नसतं. त्यावर दोन साक्षीदार लागतात. तो कमिटीच्या सभेपुढे येतो, इतिवृत्तात नोंद होते, मग नॉमिनेशन रजिस्टरला चढतो. साक्षीदार कोण आहेत ते बघा आणि सभेत तुमच्या सेक्रेटरींना इतकंच म्हणायला सांगा: सभासदाला प्रत्यक्ष भेटून खात्री करू. कुणावर आरोप नाही, भांडण नाही.

दुसरं, शासनाच्या ऑनलाइन ई-सर्चवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, फुकट बघता येतो. बक्षीसपत्र किंवा विक्री नोंदवली गेली असेल तर तिथे दिसते. आज रात्रीच बघा.

ॲड_शमा:
शिरीषकाकांना जोड देते. इंडेक्स टू मध्ये बक्षीसपत्र, विक्री दिसेल. मृत्युपत्र दिसणार नाही, कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) दिसेलच असं नाही. तेव्हा तिथे काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

भाच्याला कागद का हवा असावा तेही सांगते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी पतीच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून आलेली असेल तर वडिलांच्या वारसांकडे. काकांकडची माणसं हयात असतील तर बहिणीच्या मुलाच्या वाट्याला वारसाहक्कानं काही यायची शक्यता जवळपास नाही. रिडेव्हलपमेंटचं भाडं, कॉर्पस (बिल्डरकडून सभासदाला मिळणारी रक्कम), नवा फ्लॅट, सगळं दुसरीकडे जाणार. जे मिळायचं ते काकू हयात असताना कागदानंच. आणि बक्षीसपत्रावर मुलं-नातवंडांना महाराष्ट्रात राहत्या घरासाठी २०० रुपये मुद्रांक लागतो. ती सवलत भाच्याला नाही. म्हणून लोक नॉमिनेशन, मुखत्यारपत्र असल्या स्वस्त वाटा शोधतात. हा हेतू झाला, पुरावा नव्हे. हेतू असलेला प्रत्येक माणूस गुन्हा करत नाही.

आता शेजारी म्हणून तुमचा हक्क. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५, फक्त सुनांसाठी आहे असा गैरसमज आहे. एका छताखाली राहणाऱ्या रक्ताच्या नात्यातल्या पुरुषाकडून छळ होत असेल तर मावशीलाही तो लागू होतो. त्याचं कलम ४ वाचा. असा प्रकार घडतोय असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकते आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. बदनामीचा दावा लागेल या भीतीनं लोक गप्प बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. कोंडलेल्या माणसाच्या शोधासाठी दंडाधिकारी झडतीचं वॉरंट काढू शकतात. नागरिक सुरक्षा संहिता, कलम १००. पण तिथपर्यंत जायच्या आधी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ लावा, सकाळी ८ ते रात्री ८. जिवाला धोका वाटला तर सरळ ११२.

माहिमकर_आता_ठाणेकर:
मला हा धागाच योग्य वाटत नाही. पाचपाखाडी, चार मजले, निवृत्त शिक्षिका, एवढ्यावरून ओळख पटू शकते. तो भाचा हे वाचत असेल तर? संपादकांनी धागा काही दिवस झाकून ठेवावा.

रानजाई:
तो वाचतोय का माहीत नाही. पण कालपासून काहीतरी बदललंय.

इंडेक्स टू मध्ये काही सापडलं नाही. हायसं वाटलं होतं. संध्याकाळी तो आमच्याकडे आला, हातात साखरेचा डबा, "वहिनी, परत करायचा राहिला होता." डबा आमचा नव्हताच. आत येऊन बसला. लेकीला चॉकलेट दिलं. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "वहिनींची झोप होत नाही का? रात्री उशिरापर्यंत तुमच्या हॉलचा लाइट दिसतो." आणि जाताना, अगदी आपुलकीनं, "ताण असेल तर सांगा, मावशीचे डॉक्टर चांगले आहेत."

नवरा मला विचारतो, तुला खरंच बरं वाटतंय ना?

सकाळी दुधासाठी खाली गेले तर दोघी-तिघींनी तेच विचारलं. काळजीनं. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "भाचा सांगत होता, तू घाबरतेस हल्ली, आवाज ऐकू येतात तुला." माझ्या पोटात खड्डा पडला. काकूंविषयी तो नेमकं हेच सांगत फिरला होता. आधी हळूहळू सगळ्यांच्या मनात घातलं की यांना भास होतात, मग त्या काही बोलल्या तरी कोण ऐकणार?

ऐरोलीची_उमा:
रानजाई, तुला आवाज ऐकू आले कारण आवाज होते. एकटी राहू नकोस या प्रकरणात. नवऱ्याला हा धागा वाचायला दे. कचऱ्याच्या ताई, काढलेल्या मावशी, सेक्रेटरी, यांना एकत्र बसव. एकीला गोळ्या दिसल्या, दुसरीला घरातून काढलं, तुला कडी दिसली, सेक्रेटरींना अंगठा. हे सगळं एका टेबलावर आलंच नाहीये अजून.

कोपरीकर:
माझं मत बदललं आहे. काळजी घेणारा माणूस शेजारणीला वेडी ठरवायला जात नाही. चॉकलेटचं वाचून तर अंगावर काटा आला. लेकीला एकटीला जिन्यात सोडू नका. मी कोपरीतच असतो, कुणी पुरुष माणूस सोबत हवा असेल तर संपादकांकडून माझा नंबर घ्या.

रानजाई:
अपडेट. नवऱ्यानं सगळा धागा वाचला, रात्री बराच वेळ काही बोलला नाही. सकाळी स्वतः मावशींच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आला. मावशी म्हणाल्या, पैसे कधीच गेले नव्हते. काकू गोळी नको म्हणून तोंड फिरवायच्या. "आजी नको म्हणतात तर कशाला देता," असं त्या बोलल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नका म्हणून निरोप आला.

मग सेक्रेटरींकडे बसलो. त्यांनी सांगितलं, बिल्डरच्या ऑफिसातून निरोप आहे की या सभासदाच्या वतीनं भाचा सही करणार, त्यानं कुलमुखत्यारपत्राची प्रत दिली आहे. नोटरी केलेलं. त्यावरही अंगठा.

शमाताई, आता काय?

ॲड_शमा:
आता त्यानं स्वतःच स्वतःला अडकवलं आहे. नीट वाचा.

तो बिल्डिंगभर सांगतोय की मावशीला काही कळत नाही. तोच माणूस कागद दाखवतोय की मावशीनं समजून उमजून मला मुखत्यार नेमलं. भारतीय करार कायदा, १८७२: करार करणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर हवी (कलम ११ आणि १२). मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी नंतर गेली तर मुखत्याराचा अधिकार संपतो (कलम २०१). म्हणजे काकूंना कळत नसेल तर कागद चालत नाही. काकूंना कळत असेल तर त्यांना भेटू न द्यायचं कारण उरत नाही. दोन्हीपैकी एक त्याला निवडावं लागेल.

हे त्याच्याशी भांडून सांगू नका. सेक्रेटरींनी लेखी पत्र द्यावं: सभासदाची प्रत्यक्ष भेट घेऊन, शक्य तर डॉक्टरांसमक्ष, संमतीची खात्री केल्याशिवाय नॉमिनेशन आणि मुखत्यारपत्राची नोंद घेतली जाणार नाही. एक प्रत बिल्डरला. बिल्डर स्वतःच थांबेल, कारण वादातला करार त्यालाही नको असतो. पण पत्र आणि हेल्पलाइनचा फोन एकाच दिवशी. पत्र मिळाल्यावर घरात काय होईल सांगता येत नाही. मध्ये रात्र जाऊ देऊ नका.

डॉ_नेरुळ:
शेवटच्या ओळीला माझा पूर्ण पाठिंबा. अजून एक: आत गेल्यावर सापडतील त्या सगळ्या गोळ्या सोबत घेऊन काकूंना रुग्णालयातच न्या, आणि घरी कुणी परस्पर गोळ्या बंद करू नका. या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात.

शिरीष_वर्तकनगर:
ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पोलीस ठाण्यांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते. पोलीस ठाण्यात गेलात की "आमच्या सभासदाची खुशाली बघायची आहे" असं म्हणा. तक्रार म्हटलं की समोरचा पुरावा मागतो. खुशाली म्हटलं की सोबत माणूस देतो, हा माझा अनुभव.

रानजाई:
लिहायला वेळ झाला, माफ करा. काकू सुखरूप आहेत, हे आधी सांगते.

सेक्रेटरींनी सकाळी पत्र त्याच्या हातात दिलं. वाचून म्हणाला, मावशी बोलायच्या अवस्थेत नाही, मी सगळं बघतो. सेक्रेटरी म्हणाले, "मग तिनं तुम्हाला मुखत्यार कधी केलं?" इतके महिने ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं त्याच्याकडे याचं नव्हतं. दार लावून घेतलं त्यानं. त्याच वेळी खाली माझा नवरा हेल्पलाइनशी बोलत होता. दुपारी पोलीस ठाण्यातून दोघं आले, त्यांत एक महिला कर्मचारी. सोबत सेक्रेटरी, तळमजल्यावरच्या आजी आणि मी. पोलिसांना बघून त्यानं दार उघडलं, अगदी नम्रपणे. पाणीसुद्धा विचारलं.

खोलीची कडी महिला पोलिसांनीच काढली. खिडकी बंद, पडदा ओढलेला. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. त्यांना विचारलं, आज वार कोणता? चुकीचा सांगितला. पण माझ्याकडे बघून माझ्या लेकीचं नाव घेतलं आणि तिचा "ळ" सुधारला का, म्हणून विचारलं. तळमजल्यावरच्या आजी तिथेच रडायला लागल्या.

आणि आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहिते आहे. दारामागे खिळ्याला कॅलेंडर होतं. दुधाचा हिशोब लिहायची चौकट असते ना, तिथे काकूंनी पेन्सिलीच्या तुकड्यानं लिहिलं होतं. बारीक, पण तेच वळणदार अक्षर. "गोळी २." "गोळी ३, नको म्हटले." "दार बंद." "अंगठा घेतला, वाचू दिले नाही." काही तारखा कोऱ्या, त्या दिवशी गुंगीत असाव्यात. पानामागून पान. अंगठ्याच्या नोंदीच्या दुसऱ्याच दिवशीची ओळ सरळ, एकाही काना-मात्रेला थरथर नाही. ज्यांचा हात थरथरतो म्हणून अंगठा घेतला त्यांचं हे अक्षर. कॅलेंडर पोलिसांनी पंचनाम्यात घेतलं.

रुग्णालयात रक्तात सोडियम बरंच कमी निघालं. गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. काकू रोज थोड्या जास्त बोलतात. पुढची चौकशी चालू आहे, म्हणून भाच्याविषयी अधिक लिहीत नाही. तो म्हणतो, मावशीला रात्री झोप लागत नव्हती म्हणून दिल्या. असेलही त्याची सुरुवात तशी. मला ठरवता येत नाही आणि ते ठरवणं माझं काम नाही.

नचिकेत:
वाचताना हात गार पडले. पेन्सिलीचा तुकडा कुठे लपवला होता त्यांनी?

रानजाई:
उशीच्या अभ्र्यात.

ऐरोलीची_उमा:
रानजाई, काकू घरी आल्यावर त्यांना बंद दाराची भीती वाटेल, बराच काळ. बाथरूमचंसुद्धा. ती खोलीची कडी आधी काढून टाका, भोकं बुजवा. रात्री दिवा लागेल. एकाच माणसानं सतत सोबत राहण्यापेक्षा ओळखीच्या दोघी-तिघी पाळीपाळीनं बसल्या तर बरं. आणि मावशींना परत बोलवा, त्यांच्यावरचा चोरीचा डाग बिल्डिंगच्या ग्रुपवर लेखी पुसा.

रानजाई:
मावशी कालपासूनच येतात, रुग्णालयात त्याच बसतात. सेक्रेटरींनी ग्रुपवर त्यांच्याविषयी लिहिलं, सगळ्यांनी वाचलं. तीनचार जण मात्र अजून म्हणतात, मुलगा चांगला होता, काहीतरी गैरसमज झालाय. वर्गणीच्या हिशोबाचं उदाहरण देतात. मी वाद घालत नाही, त्यांना रुग्णालयात काकूंना भेटून या म्हणते. त्यांतले दोघे जाऊन आले.

सांगलीहून काकांच्या बाजूची पुतणी आली आहे. गेले काही महिने तिलाही तेच सांगितलं जात होतं, की काकू फोनवर येऊ शकत नाहीत.

शमाताई, काकूंना ते मुखत्यारपत्र रद्द करायचं आहे. स्वतः म्हणाल्या. पण जिने उतरण्याइतकी ताकद नाही.

ॲड_शमा:
उतरायची गरज नाही. नोंदणी कायदा, १९०८, कलम ३१: खास कारण असेल तर नोंदणी अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवू शकतात. आजारपणाचं कारण देऊन दुय्यम निबंधकांकडे अर्ज करा. रद्द करण्याचा दस्त नोंदवून घ्या आणि त्याच दिवशी भाचा, बँक, सोसायटी, बिल्डर या चौघांना स्पीड पोस्टानं कळवा. नुसतं रद्द करून भागत नाही. समोरच्याला कळेपर्यंत त्या कागदावर झालेला व्यवहार डोक्याला ताप होतो. पेन्शनच्या खात्याला त्याचा मोबाइल नंबर जोडलेला असणार, तो आधी बदला. नोटरीच्या रजिस्टरात त्या तारखेची नोंद कशी आहे, साक्षीदार कोण, हे पोलिसांनी बघावं म्हणून लेखी द्या. नॉमिनेशनसाठी काकूंनी सोसायटीला एक पत्र दिलं की पुरे.

रानजाई:
अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला लागेल का?

ॲड_शमा:
जोडाच. दोन गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात: रुग्णाला चालता येत नाही, आणि रुग्णाला आपण काय करतो आहोत याची पूर्ण समज आहे. दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं. आणि दस्तावर अंगठा घ्यावाच लागतो सगळ्यांचा, त्याला घाबरू नका. फक्त त्याआधी सही काकूंना त्यांच्या हातानं, हवा तेवढा वेळ घेऊन करू द्या.

रानजाई:
दाखला उद्या मिळतोय. अर्ज सेक्रेटरी घेऊन जातील. पुतणी सोबत आहे.